दुसऱ्याची वीज

आधी स्वेटर काढला.
जानेवारी, अंबडच्या शेडमध्ये नऊ अंश,
हवा इतकी कोरडी
की दाराच्या कडीलाही हात लावला तर चटका.
लोकरीच्या बाहीतली एवढीशी ठिणगी
दीड लाखाचा बोर्ड मारते, आवाजही न करता.
म्हणून कुडकुडत, मनगटाला पट्टा,
पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला,
खुंटीला बांधलेल्या शेळीसारखी मी.

कोठावद्यांच्या डाय-कारखान्याचा सर्व्हर शनिवारी गेला.
सोमवारी आठच्या पाळीला मशिनींना ड्रॉइंग हवीत.

पितळी खुंट्या मोजल्या.
जुन्या बोर्डाची एक नको तिथे उभी होती,
नव्याच्या पाठीत रुतली असती. काढली.

दोन सॉकेट, शेजारी शेजारी.
झाकण उचललं की हजारो पिना,
एकाच बाजूला कललेलं सोनेरी गवत,
आणि दुसऱ्यात एक पीन मान टाकलेली.
सराफ बाजारातल्या विसपुत्यांचं भिंग डोळ्याला लावलं,
रऊफनं उसनं आणलेलं,
वाटणीत माझ्याकडे राहिलेलं.
श्वास धरून, सुईच्या टोकानं
तिला उभी केली.
फुंकर घालायची नसते. तोंडाची ओल जाते.

त्रिकोणावर त्रिकोण.
दांडी दाबताना कुरकुरते,
दर वेळी कुरकुरते,
दर वेळी वाटतं, मोडलं.

भोये वॉचमन चहा घेऊन आला, वाकून बघत राहिला.
याला दोन डोकी कशाला?
म्हटलं, काम फार आहे.
मग दोघांत थोरला कोण?
पहिल्याचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक.
भोये हसला,
आमच्या सुरगाण्यात शून्याला कुणी थोरला म्हणत नाही, ताई.

बटण दाबलं.
पंखे ओझरच्या विमानासारखे किंचाळले, मग बसले.
पडद्यावर:
प्रोसेसर एक.
मेमरी चौसष्ट.
मी लावलेली एकशे अठ्ठावीस.

पुन्हा खोललं. पेस्ट पुसली, पुन्हा लावली.
मेमरीच्या पट्ट्या काढून टकटक घातल्या.
पीन पाहिली, उभीच होती बिचारी.
प्रोसेसर एक. मेमरी चौसष्ट.

दीड वाजता रऊफला फोन लावला.
दुकान वेगळं करून तीन वर्षं झाली,
त्याचं द्वारकेला, माझं त्रिमूर्ती चौकात,
गिऱ्हाइकं वहीत रेघ मारून वाटलेली.
त्यानं हॅलो म्हटलं नाही, कसं चाललंय विचारलं नाही.
सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला,
दुसऱ्याची वीज जोडलीस का?

कोपऱ्यात, झिप-टायखाली,
आठ पिनांची वायर
कंपनीतून आली तशी गुंडाळलेली.

तू विसरतेसच, तो म्हणाला,
एकाला मिळाली की तुला वाटतं दोघांना पोचली.
मी काही बोलले नाही.
खोबणीत बसल्याचा टक् त्याला फोनवर ऐकू गेला असावा,
कारण त्यानंतर त्यानं ठेवला.

प्रोसेसर दोन. एकशे अठ्ठावीस.

मग सेटिंग. ज्याची मेमरी त्याच्या शेजारी;
दुसऱ्याची मागायची तर मधला रस्ता,
जसं पंचवटीतल्याला जुन्या नाशकातून काही हवं
तर होळकर पुलावरून यावं लागतं,
येता येतं, वेळ जातो इतकंच.
बोर्ड विचारतो, दोघांची एकत्र कालवू का?
नको म्हटलं.
वेगळी राहू दे.
पूल आहे ना.

शेवटी घड्याळ. नवा बोर्ड
कुठल्यातरी एक जानेवारीला, रात्री बारा वाजता
अडकून बसलेला असतो, कुणी येऊन सांगेपर्यंत.
तारीख घातली. दोन वाजून त्रेपन्न.
सेव्ह केलं.

पट्टा सोडला, दिवा मालवला,
अंधारात स्वेटर डोक्यावरून घेतला
तर कानाशी चटचट निळ्या ठिणग्या.
आता उडा म्हटलं, हव्या तेवढ्या.
भिंग खिशात घातलं.
उद्या द्वारकेवरून जायचंच आहे.